गिझर बसवायला किती वेळ लागतो? उत्तर भिंतीत असतं

"तासाभराचं काम आहे."

दिवाळीची पहिली अंघोळ चार दिवसांवर आलेली असते, गिझरचं खोकं हॉलमध्ये येऊन पडलेलं असतं आणि फोनवर प्लंबर हे वाक्य बोलतो. तो खोटं बोलत नसतो. गिझर भिंतीला टांगून त्याला दोन पाईप जोडायला खरोखरच तासभर लागतो. आमच्या शेजाऱ्यांकडे तर तो पाऊण तासात बसला. आईच्या जुन्या घरात मात्र त्याच आकाराच्या गिझरला दोन दिवस लागले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाईल्सचे तुकडे गोणीत भरताना माझ्या लक्षात आलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. गिझरला किती वेळ लागेल, यापेक्षा आपली भिंत, वायर, पाईप आणि पाण्याचा दाब गिझरसाठी किती तयार आहेत, हे विचारायला हवं होतं.

हे सगळं प्लंबर यायच्या आधी घरबसल्या तपासता येतं. कसं ते सांगतो. पण आधी गिझर नेमका कोणता, हे ठरवू या, कारण दुकानात 'इन्स्टंट' या एकाच नावाखाली अगदी वेगळ्या वस्तू मिळतात.

आजीच्या घरातला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिलाय त्यांना टाकीचा गिझर वेगळा समजवावा लागत नाही. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी आणि ते तापेपर्यंत थांबायचं. भिंतीवरचा १५ किंवा २५ लिटरचा विजेचा गिझर हा त्याचाच नातू आहे. टाकी नसलेल्या गिझरमध्ये साठवण नाही. नळ उघडला की पाणी आत शिरतं, तापलेल्या नळ्यांमधून जातं आणि गरम होऊन बाहेर पडतं. नळ बंद केला की तापवणंही बंद. गॅस गिझर हा खरा बिनटाकीचा. विजेचा एक लिटरवालाही जवळजवळ तसाच. तीन लिटरच्या 'इन्स्टंट'मध्ये छोटी टाकी असते, पण बसवायच्या दृष्टीने तोही याच घरातला.

या सगळ्यांना एक नियम लागू होतो. साठवण नाही, म्हणजे लागणारी सगळी उष्णता त्याच क्षणी द्यावी लागते. पुण्यात थंडीत नळाचं पाणी साधारण २० अंशांचं धरा. अंघोळीला ४० अंश पुरतात. तीन किलोवॅटचा विजेचा गिझर २० अंशांची वाढ करत मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी देऊ शकतो. त्यापेक्षा जास्त देणं शक्यच नाही, कंपनी कोणतीही असो. २० लिटरची बादली भरायला नऊ-साडेनऊ मिनिटं. त्याउलट मिनिटाला ६ लिटर देणारा गॅस गिझर पाणी २५ अंशांनी तापवत असेल, तर तो साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्यात ओतत असतो. साडेतीन मिनिटांत बादली. म्हणजे छोट्या दिसणाऱ्या त्या पेटीत तीन-साडेतीन विजेचे गिझर एकदम चालू आहेत असं समजा. एवढी ताकद आत-बाहेर नेण्यासाठी जी वाट लागते, म्हणजे जाड वायर, पुरेसा गॅस, पुरेशी हवा, धूर बाहेर जायला जागा, ती वाट तयार करण्यातच सगळा वेळ जातो.

सोपं प्रकरण आधी संपवू. जुना विजेचा इन्स्टंट गिझर काढून त्याच जागी नवा लावायचा आहे. पाणी बंद करणं, जुन्यातलं पाणी काढून तो उतरवणं, पंधरा-वीस मिनिटं. नव्याची भोकं जुन्याशी जुळली तर उत्तम. बहुतेक वेळा जुळत नाहीत, मग टाईलवर ड्रिल, फास्टनर ठोकणं, टांगणं, आणखी वीस मिनिटं. दोन कनेक्शन पाईप, टेफ्लॉन टेप, पंधरा मिनिटं. वायर जोडणं दहा मिनिटं. शेवटी पाणी सोडून गरम नळातून धार येईपर्यंत थांबायचं आणि मगच स्विच लावायचा. हा क्रम उलटला तर रिकाम्या गिझरमधली कॉईल कोरडी तापून पहिल्याच दिवशी जळते. सगळं मिळून सव्वा ते दीड तास. इथे 'तासाभराचं काम' हे उत्तर बरोबर आहे.

आता त्याच भिंतीवर पूर्वी गिझरच नव्हता असं धरा. तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर खेचतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, तांब्याची निदान २.५ चौरस मिलीमीटरची वायर, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आणि खरं अर्थिंग लागतं. साडेचार किलोवॅटचा असेल तर जवळजवळ २० अँपिअर. तो १६ च्या प्लगवर चालवायचाच नाही, त्याला ४ चौरस मिलीमीटरची वायर थेट डीबीपासून, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून, आणावी लागते. जुन्या चाळीत किंवा वाड्यात बाथरूमपर्यंत आलेली वायर पुष्कळदा फक्त बल्बसाठी टाकलेली असते. तिच्यावर गिझर लावला तर पहिल्या दिवशी चालतो, आठव्या दिवशी सॉकेट पिवळा पडतो आणि मग वास येऊ लागतो.

नवी वायर भिंतीवरून पट्टीत घालून आणली तर वायरमनला दोन ते तीन तास पुरतात. झिरी मारून आतून न्यायची असेल तर अर्धा दिवस आणि वर प्लास्टर सुकेपर्यंतचा वेळ. वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोही एकदा बघून ठेवा. घरात एसी, पंप, इस्त्री असताना त्यात गिझरची भर पडली आणि भार वाढवून घ्यायची वेळ आली, तर ते काम तासांत मोजता येत नाही. तो अर्जाचा आणि फेऱ्यांचा विषय आहे आणि तो खोकं घरी यायच्या आधीच मार्गी लावायला हवा.

एक गोष्ट ऑनलाईन खरेदी करणाऱ्यांच्या फार उशिरा लक्षात येते. 'मोफत इन्स्टॉलेशन' म्हणजे कंपनीचा माणूस येऊन गिझर टांगेल आणि तयार पॉइंटना जोडेल, एवढंच. पाईपलाईन ओढणं, वायर टाकणं, स्टॉप कॉक (पाणी बंद करायची चावी) बसवणं हे त्याच्या कामात येत नाही. पॉइंट तयार नसतील तर तो कार्डावर तसं लिहून निघून जातो आणि पुढची तारीख पुन्हा मागावी लागते. आईकडचा पहिला दिवस असाच गेला. त्या माणसाची चूक नव्हती. आम्ही त्याला चुकीच्या क्रमाने बोलावलं होतं. आधी वायरमन आणि प्लंबर, त्यांचं काम संपलं की मग कंपनीचा माणूस.

गॅस गिझरचं गणित मात्र निराळं आहे. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे वेळ वाचवण्याच्या नादात जीव जातात.

पहिला प्रश्न जागेचा. गॅस गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही. 'खिडकी आहे की' हे उत्तर पुरेसं नाही. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. आपल्याकडचं पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवा किती? नऊ घनमीटरसुद्धा नाही. दार-खिडकी लावून पंधरा मिनिटं गिझर चालला तर तो सव्वातीन घनमीटर हवेतला ऑक्सिजन वापरतो, म्हणजे खोलीतल्या हवेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग. पण तिथपर्यंत पोचायच्या बऱ्याच आधी ज्योतीला ऑक्सिजन कमी पडू लागतो, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही. डोकं जड होतं, पायातलं बळ जातं आणि दारापर्यंत जायची शक्ती उरत नाही. आपल्याकडे हे इतक्या वेळा घडलंय की मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच दिलंय.

आपल्या आज्या बंब अंगणात, नाहीतर धुराडं असलेल्या मोरीतच पेटवायच्या. जाळ घरात आणि माणूस त्याच बंद खोलीत, ही चूक त्यांनी केली नव्हती.

म्हणून गॅस गिझरची जागा ड्राय बाल्कनीत, बाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा डक्टच्या बाजूच्या मोकळ्या भिंतीवर. डक्ट वरून झाकलेला असेल तर तोही चालणार नाही. आणि हीच जागा कामाचे तास ठरवते, कारण तिथून गरम पाण्याचा पाईप बाथरूमच्या मिक्सरपर्यंत आणि थंड पाण्याचा पाईप गिझरपर्यंत न्यावा लागतो. दहा-पंधरा फूट सीपीव्हीसी पाईप (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप), भिंतीतून आरपार एक भोक, चार-सहा एल्बो, दोन स्टॉप कॉक. उघड्यावरून नेला तर दोन ते तीन तास. भिंतीतून, टाईल्स फोडून नेला तर त्याचे दोन दिवस होतात, कारण मग गवंडी आला, सिमेंट आलं, ग्राऊट सुकणं आलं. माझं स्पष्ट मत असं की उघडा पाईप नीट क्लॅम्प मारून सरळ रेषेत नेला तर वाईट दिसत नाही, आणि पाच वर्षांनी गळती लागली तर ती डोळ्यांना दिसते.

इथे एक वेळ असा आहे जो कोणीच हिशोबात धरत नाही. सीपीव्हीसीचे जोड सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवतात. जोड हाताला लगेच घट्ट लागतो, पण दाबाचं पाणी सोडायला तो आतून पक्का व्हावा लागतो. किती थांबायचं ते डब्यावर पाईपच्या जाडीनुसार आणि हवेच्या तापमानानुसार दिलेलं असतं. हिवाळ्यात ते जास्त असतं. घाईत वीस मिनिटांत पाणी सोडलं आणि रात्री दोन वाजता जोड सुटला, असं एकदा आमच्या खालच्या मजल्यावर झालंय. शक्य असेल तर पाईपचं काम संध्याकाळी करून घ्यावं आणि पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडावं. त्यामुळे काम 'दोन दिवसांचं' दिसतं, पण मधली रात्र आपण झोपलेलेच असतो.

दुसरा प्रश्न गॅसचा. सिलिंडरवर चालणारा गिझर आणि पाईपच्या गॅसवर चालणारा गिझर सारखे दिसले तरी आतले जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक भोकं, वेगळे असतात, कारण दोन्ही गॅसचा दाब आणि उष्णता वेगळी. एकावरचा दुसऱ्यावर तसाच जोडायचा नाही. खोक्यावर काय लिहिलंय ते घ्यायच्या आधी वाचा आणि एलपीजीचा असेल तर आयएस १५५५८ आणि आयएसआयचं चिन्ह बघा.

सिलिंडर गिझरच्या जवळ ठेवता येत असेल तर काम छोटं आहे. नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी दीड मीटरपर्यंत पुरते, आणि रेग्युलेटर, नळी, क्लिप मिळून अर्धा तास लागतो. अंतर त्याहून जास्त असेल तर रबरी नळी लांबवायची नाही. तांब्याचा किंवा जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाईप टाकायचा, त्याचे दोन-तीन तास धरा. आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या नळीला मध्ये कापून टी लावणं, हा प्रकार कोणी सुचवला तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

पाईपचा गॅस असेल, म्हणजे मुंबईत महानगर गॅस किंवा पुण्यात एमएनजीएलची जोडणी, तर मीटरपासूनच्या पाईपला ओळखीच्या प्लंबरने हात लावायचा नाही. गिझरसाठी जादा पॉइंट कंपनीकडे अर्ज करून तिच्या अधिकृत माणसाकडूनच घ्यायचा. प्रत्यक्ष काम दोन-तीन तासांचंच असतं, पण तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून गिझर विकत घ्यायच्या आधी हा अर्ज टाका.

तिसरा प्रश्न पाण्याच्या दाबाचा, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची इथेच फसगत होते. गॅस गिझरला बटण दाबून पेटवत नाहीत. पाण्याचा प्रवाह आतला पडदा ढकलतो, मग गॅस सुटतो आणि सेलवरची ठिणगी तो पेटवते. प्रवाह कमी असेल तर पडदा हलत नाही आणि गिझर पेटतच नाही. बहुतेकांच्या पुस्तिकेत किमान ०.२ ते ०.३ बारच्या आसपासचा दाब सांगितलेला असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार, म्हणजे गच्चीवरची टाकी गिझरच्या अडीच मीटर वर असेल तर मिळतो फक्त पाव बार. अगदी काठावर. खाली पहिल्या मजल्यावर हाच गिझर झकास पेटतो.

दाब मोजायचं उपकरण लागत नाही. जिथून गिझरला पाणी मिळणार तो नळ पूर्ण उघडा, एक लिटरचं भांडं खाली धरा आणि सेकंद मोजा. पंधरा सेकंदांत भरलं तर मिनिटाला चार लिटर, निर्धास्त राहा. पंचवीस सेकंद लागले तर अडचण येणार हे नक्की, कारण गिझरच्या बारीक नळ्यांमधून जाताना प्रवाह आणखी कमी होतो. मग प्रेशर पंप लागेल, त्याला विजेचा पॉइंट लागेल आणि कामात अर्ध्या दिवसाची भर पडेल. ही चाचणी सकाळी सात-आठच्या सुमारास करा, सगळी इमारत पाणी वापरत असते तेव्हा. दुपारी तीनला केलेली चाचणी फसवते.

बोअरच्या पाण्याबद्दल एवढंच सांगतो: क्षार जास्त असतील तर बिनटाकीच्या गिझरच्या नळ्या लवकर चोंदतात. बसवतानाच दोन्ही बाजूंना स्टॉप कॉक घालून घेतले तर पुढे गिझर उतरवून साफ करणं अर्ध्या तासाचं काम होतं. दोन कॉकना दहा मिनिटं जास्त लागतात, ती द्यावीत.

भिंतीतल्या गोष्टी झाल्या. आता भिंतीबाहेरचा वेळ, जो अंदाज चुकवतो.

पाणी बंद कुठून करायचं? नव्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. जुन्या इमारतीत तो गच्चीवर, संपूर्ण लाईनचा एकच, आणि वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम झालेला. तो जोर लावून फिरवला आणि दांडा तुटला तर चार घरांचं पाणी जातं. आदल्या दिवशीच वॉचमनबरोबर गच्चीवर जाऊन तो फिरतो का ते बघा आणि लाईनवरच्या घरांना वेळ सांगून ठेवा. जीआयचे जुने पाईप असतील तर कामाचा वेळ सरळ दुप्पट धरा. गंजलेला एक सांधा सोडवताना दुसरा चिरतो, तो बदलताना तिसरा. यात प्लंबरचं कौशल्य कमी पडतं असं नाही, पाईपचं आयुष्यच संपलेलं असतं.

ड्रिल कधी चालवता येईल? पुष्कळ सोसायट्यांत दुपारी एक ते चार आवाजाचं काम बंद असतं. प्लंबर साडेअकराला आला तर त्याच्या हातात ड्रिलसाठी दीड तास उरतो. म्हणून त्याला 'सकाळी या' असं मोघम न सांगता 'साडेनऊला या, एकच्या आत भोकं पाडून व्हायला हवीत' असं कारणासकट सांगावं. कारण कळलं की माणसं वेळ पाळतात, असा माझा अनुभव आहे.

आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या फेऱ्या. एक अर्ध्या इंचाचा एल्बो कमी पडला की गाडी काढा, दुकानात रांगेत उभे राहा, परत या, अर्धा-पाऊण तास गेला. तीन फेऱ्या झाल्या की काम उद्यावर जातं. प्लंबरला आदल्या दिवशी दहा मिनिटं बोलावून जागा दाखवा आणि त्याच्याकडूनच सामानाची यादी लिहून घ्या. एल्बो, टी, पितळी आट्यांचे जोड आणि क्लॅम्प दोन-दोन जास्तीचे आणा, उरलेलं दुकानदार परत घेतो. माझ्या पाहण्यातल्या कामांत जेवढा वेळ या दहा मिनिटांच्या भेटीने वाचला, तेवढा दुसऱ्या कशानेच वाचला नाही.

आता एक हिशोब करून बघू. चौथा मजला, तीसेक वर्षं जुनी इमारत, वरती गच्ची. सिलिंडरवरचा गॅस गिझर ड्राय बाल्कनीत लावायचा आहे, बाथरूम बारा फुटांवर. टांगणं अर्धा तास. उघड्यावरून दोन पाईप आणि भिंतीतलं भोक तीन तास. जुन्या जीआय लाईनला जोड काढणं एक तास, पण पाईप जुने म्हणून दोन धरू. गॅसची नळी अर्धा तास. धुराच्या वाटेसाठी काचेच्या पट्ट्या काढून जाळी बसवणं एक तास. चाचणी अर्धा तास. बेरीज साडेसात तास. लिटरच्या भांड्याला बावीस सेकंद लागले, म्हणून पंपाचे चार तास वाढले: साडेअकरा. प्लंबर आणि वायरमन एकाच दिवशी आले तर दोघांची कामं समांतर चालतात, त्यामुळे दिवस साडेआठ-नऊ तासांवर येतो. दुपारची ड्रिलबंदी त्यात पाईप चिकटवण्यात घालवता येते. जोड पक्के व्हायला एक रात्र. म्हणजे आज सकाळी साडेनऊला सुरुवात आणि उद्या सकाळी पहिली गरम बादली. प्लंबरच्या 'तासाभराच्या' उत्तरात यातला फक्त पहिला अर्धा तास आणि शेवटची चाचणी होती.

तळमजल्यावरच्या, पाईप तयार असलेल्या घरात हाच गिझर दोन तासांत बसेल. दोन्ही अंदाज बरोबरच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून 'टँकलेस (म्हणजे बिनटाकीचा गिझर) बसवायला पूर्ण दिवस लागला' असं ऐकून आश्चर्य वाटतं, पण तिथलं कारणही हेच आहे, फक्त आकडे मोठे. तिथे एकच गिझर सगळ्या घराला पाणी पुरवतो. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात नळाचं पाणी पाच-सात अंशांपर्यंत उतरतं, म्हणजे वाढ ३५ अंशांची. मिनिटाला दहा लिटर हवे असतील तर २४ किलोवॅट उष्णता लागते. दोन शॉवर आणि भांड्यांचं मशीन एकदम चालावं म्हणून घरं ४५ ते ५८ किलोवॅटचे गिझर घेतात. तळघरातल्या जुन्या टाकीचा बर्नर त्याच्या पाव हिश्शाएवढाच असतो. त्यामुळे अर्ध्या इंचाचा गॅसपाईप बदलून पाऊण इंचाचा, जुनं धुराडं काढून वेगळ्या प्रकारचं, थेंबथेंब पडणाऱ्या पाण्याला निचरा आणि शेजारी विजेचा सॉकेट, हे सगळं नव्याने करावं लागतं. वर गावाचं परमिट आणि नंतर तपासणी. टाकी काढून पहिल्यांदा टँकलेस लावताना म्हणूनच आठ-दहा तास जातात. पुढे तोच बिघडला आणि तसाच दुसरा लावला, तर तीन-चार तासांत होतं.

परत आपल्या बाल्कनीत येऊ, कारण शेवटचा अर्धा तास राहिलाय आणि तो पुष्कळदा खाल्ला जातो. प्लंबरला पुढचं घर गाठायचं असतं, आपल्याला घर आवरायचं असतं. तरी त्याला थांबवा.

आधी गॅस बंद ठेवून फक्त पाणी सोडा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा, कागदावर ओल लगेच दिसते. मग गॅस सुरू करून नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. काडी पेटवून बघायचं नाही. बुडबुडा वाढत असेल तर गळती आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून नाक उंचावर असताना वास आला नाही एवढ्यावर विसंबू नका. नंतर गरम नळ पूर्ण उघडा. ज्योत निळी हवी. ती पिवळी, लवलवती दिसली तर जळण नीट होत नाही, आणि प्लंबरने जायचं नाही. सलग दहा मिनिटं चालू ठेवा, नळ तीन-चार वेळा बंद-चालू करा, प्रत्येक बंद केल्यावर ज्योत लगेच विझते का ते काचेतून बघा. बाथरूममधला दुसरा नळही उघडून बघा, दोन्ही मिळून प्रवाह वाटला गेला की गिझर विझतो का हे आजच कळायला हवं.

विजेचा असेल तर आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या खटक्याचं) टेस्ट बटण प्लंबर किंवा वायरमनसमोरच दाबा. खटका पडला पाहिजे.

सगळं झाल्यावर एक जाड स्केच पेन घ्या आणि गिझरच्या बाजूच्या पट्टीवर दोन तारखा लिहा: सुरक्षा नळी बसवल्याची आणि ती बदलायची, म्हणजे पाच वर्षांनंतरची. सेल टाकल्याची तारीखही तिथेच. आमच्या गिझरवर त्या खाली प्लंबरचा फोन नंबरही लिहिलेला आहे, त्याच्याच हस्ताक्षरात.